गेटाबाहेरची रांग

लालबागच्या राजाच्या रांगेत तासन्‌तास उभं राहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं की या गणपतीचा जन्म एका बाजाराच्या अडचणीतून झाला. १९३२ साली पेरू चाळीचा बाजार बंद झाला आणि तिथल्या कोळणी, किरकोळ विक्रेते उघड्यावर आले. कायमची जागा मिळू दे, असा नवस त्यांनी गणपतीला बोलला. पुढाऱ्यांनी खटपट केली, जागामालकानं जमीन देऊ केली, बाजाराचा प्रश्न सुटला आणि १९३४ मध्ये नवस फेडायला मूर्ती बसली. ही गोष्ट सांगताना सगळा भर भक्तीवर असतो. मला मात्र तीत आधी बाजार दिसतो. बाजार नेमका कुठे बसायचा, त्याच्या तोंडाशी किती माणसं उभी राहणार आणि ज्यांना काहीच विकत घ्यायचं नाही त्यांनी तिथून वाट कशी काढायची, हा प्रश्न लालबाग-परळला नवीन नाही. आज टोपलीच्या जागी मॉल आहे, एवढाच फरक.

लालबाग-परळच्या या गिरणगावातले रस्ते मोटारींसाठी आखलेलेच नव्हते, असं आपण सहज बोलून जातो. मग ते कशासाठी आखले होते? गिरणी म्हणजे उंच भिंत आणि एक गेट. गेट एकच असण्यामागे हिशेब होता. हजेरी तिथे लागे, बाहेर पडताना झडती तिथे होई, बदली कामगार सकाळी काम मिळेल या आशेनं तिथेच उभा असे आणि युनियनची द्वारसभाही तिथेच. हजारो माणसं एका तोंडातून आत घ्यायची आणि त्याच तोंडातून बाहेर सोडायची, यासाठी ती रचना होती, आणि ती चालत असे. कारण सोपं होतं. १९२० च्या दशकातल्या नोंदी सांगतात की शहरातले दहांतले नऊ गिरणी कामगार कामाच्या ठिकाणापासून पायी पंधरा मिनिटांच्या आत राहत. भोंगा झाला की चाळी रिकाम्या व्हायच्या, पाळी सुटली की भरायच्या. चालणारा माणूस अर्ध्या चौरस मीटरमध्ये मावतो, वाट वाकडी करतो, खांद्याला खांदा लावून पुढे सरकतो. त्याला पार्किंग लागत नाही.

गिरगावातल्या वाड्यांनाही बहुधा एकच तोंड असतं. पण वाडीत शिरणारा माणूस वाडीतलाच, फार तर पाहुणा. तोंड अरुंद असलं तरी कुणाचं अडत नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतले बहुतेक परत कधी आत गेलेच नाहीत. पुढची वीस वर्षं गिरण्या एकेक करून थंडावल्या. उरली ती जमीन. अठ्ठावन्न गिरण्या, सुमारे सहाशे एकर, आणि तीही बेटाच्या ऐन मध्यावर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमानं या जमिनीचे ढोबळ तीन वाटे ठरवले. एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेची करायची, असं ठरलं. शेड पाडून मोकळी होणारी जमीन हिशेबातून गेली. गिरणीच्या आवारात मोकळी जागा ती किती? बहुतेक सगळं शेडखालीच. उच्च न्यायालयानं ऑक्टोबर २००५ मध्ये या बदलाला आव्हान देणाऱ्या याचिकाकर्त्यांच्या बाजूनं कौल दिला, सर्वोच्च न्यायालयानं मार्च २००६ मध्ये तो फिरवला. या निकालांवर भरपूर लिहिलं गेलं आहे आणि बहुतेकांनी बागा आणि घरं गेल्याचं दुःख मांडलं. रस्ते गेल्याचं दुःख फारसं कुणी केलं नाही. वास्तविक मोठ्या जमिनी एकत्र धरून फेरवाटणी झाली असती, तर दोन गिरण्यांमधल्या भिंती पाडून आरपार गल्ल्या काढता आल्या असत्या. तसं न झाल्यामुळे प्रत्येक आवार आपापल्या भिंतीच्या आत, आपापल्या नकाशाप्रमाणे विकसित झालं. भोंगा गेला, बूम बॅरियर आला. गेट तेच राहिलं.

लोअर परळच्या फिनिक्स मिलचं उदाहरण सगळ्यांत ओळखीचं आहे. कंपनी १९०५ ची. सेनापती बापट मार्गावर, म्हणजे जुन्या लोकांच्या तुळशी पाइप रोडवर, तिचं तोंड. १९९० च्या दशकाच्या अखेरीस तिथे बोलिंग अ‍ॅली सुरू झाली तेव्हा गिरणी कामगारांच्या संघटनांनी रान उठवलं होतं. आक्षेप असा की कामगारांच्या खेळ-करमणुकीची सोय म्हणून जे दाखवलं, तिथे शहरातले पैसेवाले येऊन चेंडू घरंगळवत आहेत. मग दुकानं आली, उपाहारगृहं आली, मोठं हॉटेल आलं. चिमणी मात्र राखली आहे. लोक तिच्या खाली फोटो काढतात.

आता या जागेची बाहेरून पाहणी करा. समोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे पश्चिम रेल्वेची भिंत. म्हणजे पूर्वेकडे एकही गल्ली फुटत नाही. मॉलमधून बाहेर पडलेली गाडी उत्तरेला जाईल नाहीतर दक्षिणेला, आणि उलट्या दिशेला जायचं असेल तर पुढे कुठेतरी वळसा घेईल. शेजारी कमला मिल, जवळच मथुरादास आणि रघुवंशी. सगळ्यांची तोंडं त्याच दोन-तीन रस्त्यांकडे.

मॉल हा प्रकार मुळात अशा जागेसाठी जन्मलाच नव्हता. व्हिक्टर ग्रुएन नावाच्या व्हिएन्नाहून आलेल्या वास्तुरचनाकारानं १९५६ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात साउथडेल हे पूर्ण बंदिस्त, वातानुकूलित खरेदी केंद्र उभं केलं. त्याच्या चारही बाजूंना मैदानच्या मैदान पार्किंग होतं. रांग लागलीच तर ती स्वतःच्याच मैदानात लागायची. आपण ते कवच उचललं आणि चाळींच्या मधोमध ठेवलं. मैदान मात्र तिकडेच राहिलं.

मॉल आणि आसपासचे रहिवासी यांच्यातलं भांडण नेमकं कशावरून होतं, हे थोड्या आकडेमोडीतून चांगलं कळतं. आकडे कुठल्याही खऱ्या मॉलचे नाहीत, मी धरलेले आहेत. समजा ५० हजार चौरस मीटरचं खरेदी केंद्र प्रस्तावित आहे. १९९१ च्या नियमावलीत दुकानांसाठी पार्किंगचा हिशेब असा होता, की पहिल्या ८०० चौरस मीटरपर्यंत दर ४० ला एक जागा आणि त्यापुढे दर ८० ला एक. म्हणजे २० अधिक ६१५, एकूण ६३५ जागा. कागदावर प्रकल्प नियमात बसला. आता शनिवारी संध्याकाळी सगळं पार्किंग भरलेलं आहे आणि गाडी सरासरी दोन तास थांबते असं धरू. तासाला साधारण ३१८ गाड्या आत येणार आणि तेवढ्याच बाहेर जाणार. दर अकरा सेकंदांना एक. गेटावर काय होतं? रखवालदार गाडीखाली आरसा फिरवतो, डिकी उघडायला सांगतो, तिकीट देतो. वीस सेकंद धरा. एका रांगेतून तासाला १८० गाड्या आत जातील. उरलेल्या १३८ बाहेर. एका गाडीला सहा मीटर धरले तर तासाभरात सव्वाआठशे मीटरची शेपटी सार्वजनिक रस्त्यावर. दोन रांगा ठेवल्या तर ही शेपटी जवळजवळ नाहीशी होते. गेट आवाराच्या आत शंभर मीटर सरकवलं, तर जी काही रांग लागेल ती मालकाच्या जागेत लागेल.

म्हणजे पार्किंगच्या जागा किती, या प्रश्नाइतकाच गेट कुठे आणि किती रुंद, हा प्रश्न मोठा आहे. पण आत सरकवलेलं गेट म्हणजे तेवढं कमी दुकान. लोअर परळमध्ये चौरस फुटाचा भाव पाहता कोण बिल्डर हौसेनं ते करील? म्हणून नकाशात गेट फुटपाथाला चिकटतं, आणि रांगेची जागा त्याला शहराकडून फुकट मिळते. टॅक्सीतून उतरणारे, सामान पोहोचवणारे टेम्पो, घरपोच खाणं नेणारी दुचाकीवरची पोरं, यांच्यासाठी तर बहुतेक आवारांत वेगळा कोपराही नसतो. ते सगळे गेटाच्या दोन्ही अंगांना रस्त्यावरच उभे असतात आणि कडेची मार्गिका गिळतात.

वाहतूक अहवाल तयार करणारे सल्लागार गाड्या मोजतात त्या 'पीसीयू'त, म्हणजे मोटारीच्या मापात. मोटार म्हणजे एक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या शहरी मार्गदर्शिकेत दुचाकीला अर्धा ते पाऊण भाव आहे, बस-ट्रकला सव्वादोन ते पावणेचारच्या दरम्यान, आणि हातगाडीला दोन ते तीन. लालबागच्या मसाला गल्लीतून पोती घेऊन निघालेली हातगाडी म्हणजे दोन-तीन मोटारी! हे माप चुकीचं नाही, हातगाडी खरंच तेवढा रस्ता आणि वेळ खाते. पण या तक्त्यात पायी चालणाऱ्याला मापच नाही. त्याची गणती करायची तर वेगळी करावी लागते, आणि गेटावर खटका उडतो तेव्हा चर्चा पीसीयूचीच होते. लोअर परळ, करी रोड, परळ, प्रभादेवी या स्टेशनांतून रोज उतरणारी माणसं, त्यांत मॉलमधल्या दुकानांत बारा-बारा तास उभ्या राहणाऱ्या मुली, हाउसकीपिंगची माणसं, कार्यालयांतले कारकून, ही सगळी पायी येतात. ज्या शहराचा सगळा व्यवहार चालणाऱ्यावर उभा होता, तिथे चालणारा हिशेबाबाहेर पडला.

१९९६ मध्ये राज्य सरकारनं वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला होता. त्यानं राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या पंचवीस गिरण्यांचा विचार केला; खासगी गिरण्या कक्षेबाहेर राहिल्या. त्या आराखड्यात मला सर्वांत शहाणी वाटते ती एक गोष्ट. पश्चिम रेल्वेचं एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताचं प्रभादेवी, आणि मध्य रेल्वेचं परळ ही दोन स्टेशनं अगदी शेजारी आहेत. त्यांच्या भोवतालच्या गिरणी-जमिनीतून पायी चालणाऱ्यांसाठी मोकळा चौक काढावा, असं त्यात सुचवलेलं होतं. अहवाल बाजूला पडला. २००५ मध्ये महामंडळानं पाच गिरण्यांच्या जमिनी विकल्या. मुंबई टेक्सटाइल ७०२ कोटी, एल्फिन्स्टन ४४१, दादरची कोहिनूर ४२१, ज्युपिटर २७६, अपोलो १८०. एकूण २,०२० कोटी रुपये. त्यांच्यावर मनोरे उभे राहिले, कामावर येणारी माणसं कितीतरी पटींनी वाढली आणि दोन स्टेशनांना जोडणारा पादचारी पूल तोच राहिला. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी पाऊस आला, माणसं जिन्यावर आडोशाला थांबली, मागून लोंढा येत राहिला. चेंगराचेंगरीत २३ जण गेले. त्यानंतर लष्कराला बोलावून नवा पूल बांधून घेतला, तो फेब्रुवारी २०१८ मध्ये खुला झाला. पूल बांधायला महिने पुरतात, हे तेव्हा कळलं.

रहिवाशांना हरकत घ्यायची असेल तर ती कुठे घ्यायची? इथे आपल्याकडची व्यवस्था गमतीदार आहे. मुंबईत बांधकामाला मिळणाऱ्या पहिल्या परवानगीचं नावच 'इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल', म्हणजे नामंजुरीची सूचना. सगळे तिला आयओडी म्हणतात आणि ती मिळाली की पेढे वाटतात! तिच्यासोबत अटींची यादी येते. अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला, रस्ते आणि वाहतूक खात्याचा अभिप्राय वगैरे. बांधकाम २० हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठं असेल तर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरीही लागते, आणि तिच्या अर्जात वाहतुकीचा अभ्यास जोडावा लागतो. पण याच अधिसूचनेनं इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट दिली आहे. कोकणातल्या खाणीला किंवा कारखान्याला मांडवाखाली बसून गावकऱ्यांचं ऐकून घ्यावं लागतं. परळमधल्या मॉलला नाही. वाहतूक अहवाल बिल्डरनं पैसे देऊन नेमलेला सल्लागार लिहितो, तो एका समितीपुढे जातो, आणि समोरच्या चाळीतल्या माणसाला रांग लागते तेव्हाच कळतं. मग नगरसेवकाकडे खेटे, पोलीस चौकीत अर्ज, फार झालं तर जनहित याचिका. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षं निवडून आलेला नगरसेवकही नव्हता. त्या काळात लोकांनी नेमकं कुणाचं दार वाजवायचं?

'प्रवेश' या शब्दाला दुसरीही बाजू आहे. १९९९ मध्ये ताडदेवला, हाजीअलीजवळ, क्रॉसरोड्स सुरू झालं. देशातल्या पहिल्या मॉलांपैकी ते एक. पाहायला एवढी झुंबड उडाली की चालकांनी नियम काढला. मोबाइल फोन किंवा क्रेडिट कार्ड दाखवा, नाहीतर तिकीट काढा. १९९९ मध्ये मोबाइल किती जणांकडे होता! टीकेची झोड उठली आणि नियम मागे गेला. गेटाच्या आत शिरणारी पायी गर्दी आवरता येते, हे त्यातून दिसलं. बाहेर साठणारी मोटारींची गर्दी आवरण्याचा असा नियम मात्र कुणी काढल्याचं आठवत नाही.

पार्किंगच्या बाबतीत शहरानं उलट दिशेनं प्रयोग केला. सार्वजनिक पार्किंग बांधून महापालिकेला मोफत द्या आणि बदल्यात जादा चटईक्षेत्र घ्या, अशी तरतूद केली. मनोऱ्यांच्या पोटात मजलेच्या मजले वाहनतळ तयार झाले. ते भरेनात, कारण खालच्या रस्त्यावर फुकट लावता येत होतं. म्हणून जुलै २०१९ मध्ये अशा २६ वाहनतळांच्या ५०० मीटर परिसरात बेकायदा गाडी लावल्यास ५ हजारांपासून २३ हजारांपर्यंत दंड जाहीर झाला. शहरभर बोंब झाली. मला दंडापेक्षा त्यामागचा तर्क विचित्र वाटतो. रस्ता आधीच भरलेला आहे, आणि आपण त्याच रस्त्याच्या टोकाला आणखी हजार गाड्यांची सोय करून त्यांना येण्याचं आमंत्रण देतो. दादरला शिवसेना भवनासमोर कोहिनूर स्क्वेअरमध्ये असंच मोठं वाहनतळ आहे. तिथल्या व्यापाऱ्यांनी आणि महापालिकेनं २०२२ मध्ये व्हॅले पार्किंग सुरू केलं. गाडी दुकानापाशी सोडायची, नेमलेला माणूस ती वाहनतळात नेऊन लावतो. रानडे रोडवर साडी घ्यायला आलेल्या कुटुंबाला ते सोयीचं खरंच. फेऱ्या मात्र कमी होत नाहीत.

एक धोका असा आहे की ज्यावर विनोद करवत नाही. उंच इमारतीभोवती अग्निशमन बंब फिरायला किमान सहा मीटरची मोकळी वाट लागते. कागदावर ती असतेच. प्रत्यक्षात तिथे टेबलं मांडलेली असतात, नाहीतर गाड्या लावलेल्या. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर कमला मिलमध्ये गच्चीवरच्या दोन पबना आग लागून १४ जण मरण पावले. त्यांतले बरेच जण बाहेर पडायची वाट न सापडल्यामुळे स्वच्छतागृहात अडकले होते. ऑक्टोबर २०२० मध्ये नागपाड्याच्या सिटी सेंटर मॉलची आग दोन दिवसांहून जास्त धुमसत होती आणि शेजारच्या मनोऱ्यातल्या सुमारे साडेतीन हजार माणसांना रात्रीतून खाली उतरवावं लागलं. अशा वेळी गेटाबाहेरची रांग ही नुसती गैरसोय राहत नाही.

गेटाइतकाच या सगळ्या भागाचा जीव पुलांमध्ये अडकलेला आहे. पश्चिम आणि मध्य, अशा दोन रेल्वेमार्गांनी लोअर परळ ते लालबाग हा पट्टा कापलेला. पश्चिम रेल्वे ओलांडायला महालक्ष्मी, लोअर परळ, एल्फिन्स्टन आणि दादरचा टिळक पूल. मध्य रेल्वेवर चिंचपोकळी, करी रोड, परळ आणि पुन्हा टिळक. एवढीच तोंडं. जुलै २०१८ मध्ये अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग कोसळल्यावर तपासणी झाली आणि त्याच महिन्याच्या २४ तारखेला लोअर परळचा डिलाइल रोड पूल बंद केला. तो दोन्ही बाजूंनी सुरू व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. पाच वर्षांहून जास्त काळ पूर्वेकडची माणसं स्टेशनच्या पादचारी पुलावरून पश्चिमेला जात राहिली, आणि एवढ्या काळात परिसरात नवी कार्यालयं, नवी दुकानं उघडतच होती. प्रत्येकाच्या वाहतूक अहवालात हा पूल चालू धरला होता की बंद, हे तपासायला मला आवडलं असतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये एल्फिन्स्टनचा पूल बंद झाला. शंभरी ओलांडलेल्या त्या पुलाच्या जागी शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी दुमजली पूल व्हायचा आहे. प्रभादेवीहून केईएमला किंवा टाटा रुग्णालयात निघालेली टॅक्सी आता टिळक पुलावरून नाहीतर करी रोडवरून फिरून जाते, आणि करी रोडची वाट लोअर परळच्या त्याच गेटांसमोरून जाते.

गणपतीच्या आधी मुंबईचे वाहतूक पोलीस दरवर्षी पत्रक काढतात. लालबाग-परळमध्ये कोणता रस्ता कधी बंद, कुठून वळायचं, गाड्या कुठे लावायच्या नाहीत. मंडळ नवसाची रांग वेगळी आखतं, मुखदर्शनाची वेगळी, आणि कोणती कुठून सुरू होते हे गल्लीतलं पोरही सांगतं. शनिवारी संध्याकाळी मॉलच्या गेटाबाहेर लागणाऱ्या रांगेचा नकाशा मी अजून कुठे छापलेला पाहिलेला नाही.